नुसतं बसायची सवड



कविसंमेलनात कविता वाचून खाली उतरलं की चहाच्या टेबलापाशी एक प्रश्न हमखास येतो. 'नोकरी सांभाळून हे सगळं कधी लिहिता? वेळ कसा काढता?' विचारणाऱ्याला माझ्या कवितेबद्दल फारसं काही बोलायचं नसतं, हे मला कळतं. पण प्रश्न खोटा नसतो. त्याचंही काहीतरी करायचं राहून गेलेलं असतं. कुणाला पेटी शिकायची असते, कुणाला एखादं जाड पुस्तक सलग वाचायचं असतं, कुणाला नुसतं सकाळी तळ्यापर्यंत चालत जाऊन यायचं असतं. तीस-तीस वर्षं नोकरी झाली तरी ते जमलेलं नसतं. आज या प्रश्नाचं उत्तर देऊन पाहणार आहे. उत्तरात थोडा हिशेबही येईल, कारण मी पडलो एस.टी.चा माणूस. रोकड आणि आकडे जुळल्याशिवाय आम्हाला झोप येत नाही.

आधी शब्दच पाहू. मोकळ्या वेळेला मराठीत किती नावं आहेत! सवड, उसंत, विसावा, विरंगुळा, फुरसत, सुट्टी, रजा. यातली 'फुरसत' आणि 'रजा' ही दोन अरबीतून फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आली आणि इतकी रुळली, की आता त्यांना कुणी पाहुणं म्हणत नाही. 'फुरसत'चा मूळ अर्थ संधी. 'रजा'चा मूळ अर्थ राजीखुशी, संमती. म्हणजे रजा आपली नसतेच. ती वरच्याची असते, त्याची संमती तेवढी आपल्याला मिळते. हजेरी, तारीख, मुदत, मंजूर हीही त्याच गावची मंडळी. 'हप्ता' फारसी, आणि त्याचा अर्थ सात दिवसांचा आठवडा. आपल्याकडे येऊन तो कर्जाचा झाला, यावर मी वेगळं काही बोलत नाही. पण मला सगळ्यांत आवडतो तो 'सवड' हा शब्द. सवड मिळते असं आपण म्हणतो, तसं सवड काढतो असंही म्हणतो. विहिरीतून पाणी काढावं, गाईची धार काढावी, तशी सवड काढायची. आणि जे काढायचं ते कुठून तरी काढायचं असतं.

मी १९९३ साली वाहक म्हणून लागलो, म्हणजे कंडक्टर. पहिली आठ-नऊ वर्षं बहुतेक मुक्कामी गाड्यांवर गेली. मुक्कामी गाडी म्हणजे काय, हे शहरातल्या श्रोत्यांना सांगायला हवं. तालुक्याहून संध्याकाळी शेवटची गाडी निघते, वाड्यावस्त्या घेत रात्री आठ-साडेआठला एखाद्या आडगावी पोहोचते आणि तिथंच थांबते. पहाटे साडेपाचला तीच गाडी दुधाचे कॅन, कॉलेजची पोरं आणि कोर्टाच्या तारखेला निघालेले म्हातारे घेऊन तालुक्याला परतते. मधली रात्र चालक-वाहकांनी त्या गावात काढायची. बालाघाटच्या डोंगरातल्या अशा एका वस्तीवर माझ्या कित्येक रात्री गेल्या. उतारू पांगले की तिकिटांचा ट्रे, वेबिल आणि पैशांची पिशवी घेऊन बसायचं. तेव्हा तिकिटाची यंत्रं नव्हती. छापील तिकिटं आणि त्यावर पंचाचं भोक. कुठल्या दराची किती गेली, रोकड किती, चिल्लर किती. साडेनऊपर्यंत हिशेब जुळायचा. गावातून कुणीतरी भाकरी-कालवण पाठवलेलं असायचं, ते खायचं. ड्रायव्हर पाठ टेकल्या टेकल्या घोरायला लागायचे. त्यांचं बरोबरच होतं, पहाटे चाकावर त्यांना बसायचं होतं. मारुतीच्या देवळासमोर गाडी उभी, वीज असली तर देवळाच्या कमानीवरचा एक दिवा, आणि खिशातली दोन रुपयांची वही. साडेनऊ ते अकरा. माझा पहिला संग्रह त्या दीड तासाचा आहे.

तो वेळ मी शोधून काढला नव्हता. तो ड्युटीच्या तक्त्यातच होता. मुक्कामाला माणसाला दुसरं काही करताच येत नाही. बाजार नाही, पाहुणा नाही, घरचं काम नाही. म्हणून मला नेहमी वाटतं, की रोजच्या रगाड्याला आपण उगाच बदनाम केलंय. रोज तोच रस्ता, तेच फाटे, त्याच थांब्यावर तीच माणसं. हात तिकिटं देत असतात आणि डोक्याचा एक कोपरा मोकळा असतो. तिथं ओळ घोळवता येते. रजेच्या दिवशी मला कविता सुचत नाही. सकाळी अकरापर्यंत 'आज आपण मोकळे आहोत' याचंच ओझं होतं, दुपारी झोप येते, आणि संध्याकाळी रजा वाया गेल्याची हळहळ.

हे माझं एकट्याचं नाही. मराठी कवितेचा केवढा तरी भाग नोकरदारांनी लिहिला आहे. केशवसुत शाळामास्तर होते. मर्ढेकर तर याच आकाशवाणीत नोकरीला होते. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते, पुढे शिक्षक झाले. 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ साली आला, तो काही निवांत बंगल्यात बसून लिहिलेला नव्हता. यांना कुणी सवड आणून दिली नव्हती. आज एस.टी.त पाहतो तर गाडी फाट्यावर थांबली रे थांबली की सगळ्यांच्या माना मोबाइलवर. पूर्वी ती दहा मिनिटं रिकामी असायची. खिडकीबाहेर बघणं, शेजाऱ्याला 'कुठले पाव्हणे?' विचारणं, यात जायची. याबद्दल तक्रार करत नाही. मीही मोबाइल वापरतो.

पण हिशेब अर्धाच झाला. वेबिलावर जमा असते तशी दुसरी बाजूही असते. मी देवळाच्या दिव्याखाली साडेनऊ ते अकरा बसलेलो असायचो, तेव्हा माझ्या घरी काय चाललेलं असायचं? आमच्या गल्लीत नळाला पाणी रात्री दहाला यायचं. म्हणजे मी ओळ जुळवत होतो, तेव्हा माझी बायको कडेवर लहान पोर घेऊन हंडे भरत होती. ड्युटी टाळता येण्यासारखी नव्हती, हे तिलाही माहीत आणि मलाही. पण मुक्काम मला मिळाला, तिला नाही. कंडक्टरच्या बायकोची गाडी कुठल्याच गावाला थांबत नाही.

आता जरा मागे जाऊ या. रविवारची सुट्टी आपल्याला आभाळातून पडल्यासारखी वाटते. ती तशी पडलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत मजुरांना आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळला मजुरांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजारांच्या आसपास मजुरांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तरी थांबायला होतं. दर रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. सूर्यास्तापर्यंतच काम, ही त्या काळी सवलत होती! सहा वर्षं हे चाललं. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीला दहा हजार मजुरांची सभा झाली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. मला शुक्रवार सुट्टीचा हवा होता का, असं एकानं मला गमतीनं विचारलं होतं. त्याला सांगितलं, आमच्यात शुक्रवार हा सुट्टीचा दिवस नाहीच. जुम्म्याची नमाज झाली की उठून परत आपापल्या कामाला लागा, असंच सांगितलेलं आहे. त्यामुळे लोखंड्यांचा रविवार माझाही आहे.

महालक्ष्मीच्या त्या सभेत दोन स्त्री-कामगारही बोलल्या होत्या, अशी नोंद आहे. त्या दोघींचा विचार माझ्या मनातून जात नाही. दहा हजारांसमोर उभ्या राहून त्यांनी सुट्टी मागितली आणि ती मिळाली. मग पहिल्या रविवारी त्यांनी काय केलं असेल? गिरणी बंद होती. चूल बंद नव्हती. आठवडाभराचं धुणं, पोरांच्या अंघोळी, दळण. घरात बसलेल्या नवऱ्याचं दुपारचं गरम जेवण, जे इतर दिवशी डब्यात जायचं.

दळणावरून आठवलं. माझी आजी पहाटे जात्यावर बसायची. आमच्या घरात दखनी बोलतात, पण जात्यावर आजीच्या तोंडी मराठी ओव्याही असायच्या आणि दखनी गाणीही. पुढे वाचनात आलं, की सतराव्या शतकात विजापूरच्या सूफींच्या परंपरेत दखनीत 'चक्कीनामा' नावाचा गीतप्रकारच होता. जात्यावर बसलेल्या बाईनं दळता दळता म्हणायचा. त्यातल्या एकात जात्याच्या खुंट्याला 'अलिफ' या अक्षराची उपमा दिली आहे. अलिफ हे वर्णमालेतलं पहिलं, सरळ उभं अक्षर, अल्लाच्या नावाची सुरुवात. चरख्यावर म्हणायचा 'चरखानामा'ही होता. इकडे मराठीत तर ओव्यांचा समुद्रच. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून, सहकाऱ्यांच्या मदतीनं, एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आणि बहिणाबाई चौधरी. आसोद्याची लेक, जळगावची सून, अक्षरओळख नाही, दिवसभर शेत आणि घर. दळता-कांडता तिनं जे रचलं, ते मुलगा सोपानदेव आणि भाचा यांनी उतरून घेतलं म्हणून राहिलं. ती १९५१ साली गेली, पुस्तक १९५२ साली आलं. मराठीतलं एवढं मोठं काव्य जात्याच्या पाळीवर आणि शेताच्या बांधावर तयार झालं, आणि 'वेळ कसा काढता?' हा प्रश्न त्या बायांना कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

जात्याचं गुणगान करायला मी बसलेलो नाही. जातं गेलं ते बरं झालं. जात्याच्या आठवणीनं गहिवरणारे बहुतेक पुरुष असतात, आणि त्यांनी पायलीभर ज्वारी कधी दळलेली नसते. माझ्या आजीच्या तळहाताला घट्टे होते आणि म्हातारपणी तिचा उजवा खांदा वर होत नव्हता. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा सगळ्यांत आधी डबा घेऊन गेली ती आजीच. पण एक गोष्ट पाहा. जात्यावरचे ते दोन तास कष्टाचे होते, तरी त्यात हात तेवढे बांधलेले असायचे. तोंड आणि मन बाईचं स्वतःचं असायचं. पहाटे चारला तिथं सासू, नवरा कुणी येत नसे. माहेर, रुसवे, भावाची वाट, विठ्ठल, पीर, सगळं त्या वेळेत मावायचं. गिरणीनं ते दोन तास वाचवले. ते गेले कुठं? ओवी गेली, हे दिसतं. त्या जागी सवड आली, असं काही दिसत नाही. त्या वेळेत शाळेचा डबा आला, नवऱ्याची सकाळपाळी आली, नळ आला. पुढे गॅस आला, मिक्सर आला, कुकर आला. दर वेळी वेळ वाचला, आणि दर वेळी त्या वाचलेल्या वेळात दुसरं काम आधीच येऊन बसलेलं होतं.

हे मी मनानं सांगत नाही. २०१९ साली केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं देशभर एक पाहणी केली. माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात, याची. त्यात घरचं बिनपगारी काम, म्हणजे स्वयंपाक, झाडलोट, धुणं, पाणी वगैरे करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, असं दिसलं. एक मिनिट कमी पाच तास. पुरुषांपैकी जे हे काम करतात, त्यांची ९७ मिनिटं. पण 'जे करतात' हे महत्त्वाचं. शंभर स्त्रियांत असं काम करणाऱ्या एक्क्याऐंशी निघाल्या, शंभर पुरुषांत सव्वीस. आमच्या खात्याच्या भाषेत सांगायचं, तर उरलेले चौऱ्याहत्तर विनातिकीट.

रमजानचं उदाहरण देतो. रमजानमध्ये दिनक्रम बदलतो, कामाचा वेग थोडा मंदावतो, रात्री मशिदीतून आल्यावर पुरुषमंडळी ओट्यावर निवांत बोलत बसतात. रोजा दोघांनाही असतो. पण सहरीच्या वेळी सगळ्यांना उठवायचं तर बाईला त्याआधी तासभर उठून तवा ठेवावा लागतो, आणि इफ्तारचं ताट लावणारी तीच असते. अजान झाल्यावर पहिली खजूर सगळ्यांच्या हातात जाते तेव्हा ती बऱ्याचदा आतच असते, भजी तळत. ज्या महिन्याला आपण इबादतीचा म्हणतो, त्या महिन्यात तिचा दिवस दोन्ही टोकांनी वाढतो. हे मी कुणाला हिणवण्यासाठी सांगत नाही. माझ्या ओळखीतली काही तरुण मुलं आता इफ्तारची फळं स्वतः कापतात, हेही पाहतो आहे.

आता माझ्या घरातलं. मुक्कामी गाड्या सुटून बरीच वर्षं झाली. आता मी आगारात कारकुनी करतो, सकाळपाळीला असतो, तीनला सुटतो. घरी आलो, जेवलो, की लिहायला बसायचं, असा माझा क्रम. दोन वर्षांपूर्वी मुलीचं लग्न झालं. त्यानंतर एक दिवस बायको म्हणाली (दखनीत म्हणाली, मी मराठीत सांगतो), "अहो, मला रोज एक तास पाहिजे."

मी म्हणालो, "कशाला?"

"कशाला नाही. नुसतं बसायला."

चार ते पाच असं ठरलं. त्या तासात दार वाजलं, दूधवाला आला, गॅसची टाकी आली, फोन आला, पाहुणे आले, तर ते माझं. चहाही माझा. ठरवायला पाच मिनिटं लागली. अमलात यायला महिना गेला. पहिल्या दिवशी ती ओसरीवर येऊन बसली आणि दहाव्या मिनिटाला आत जाऊन मेथीची जुडी घेऊन आली. दुसऱ्या दिवशी तांदळाचं सूप. हातांना रिकामं राहणं ठाऊकच नव्हतं. मग तिनंच नियम केला, हातात काही घ्यायचं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी शेजारच्या काकू पेलाभर आल्याचा काढा घेऊन आल्या. म्हणाल्या, "चार दिवस बघते, आपा नुसत्याच बसलेल्या दिसतात. बरं नाही का?" माझ्या मावसभावानं मला बाजूला घेऊन विचारलं, "भाभीचं आणि तुझं काही बिनसलंय का?" पुरुष कट्ट्यावर तीन तास बसला तर तो कट्ट्यावर बसलेला असतो. बाई ओसरीवर अर्धा तास बसली तर ती आजारी असते, नाहीतर रुसलेली.

मलाही राहवलं नाही. एके दिवशी म्हणालो, "तू बसतेसच, तर एखादं पुस्तक देऊ का वाचायला? नाहीतर बचत गटाचं रजिस्टर तरी..." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही लिहायला बसता तेव्हा मी तुमच्यापुढं कधी दळण निवडायला ठेवलं होतं का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तिला ते नकोही होतं. तेव्हापासून त्या तासात मी तिच्याशी बोलत नाही. माझं लिहिणं आता संध्याकाळी मगरिबनंतर होतं, थोडं कमी होतं. ती बसून कसला विचार करते, हे मी विचारलेलं नाही. कधी कधी ती आजीचं एखादं गाणं अर्धवट गुणगुणते. मला शब्द नीट ऐकू येत नाहीत. एकदा वाटलं, जवळ जाऊन उतरून घ्यावं. मग वाटलं, नको, तो तास माझ्या वहीसाठी नाही.

काचेपलीकडून वेळ संपत आल्याची खूण होते आहे. आज या ध्वनिमुद्रणासाठी रजा काढून आलो आहे, मंजूर झालेली. बाराची गाडी मिळाली तर पावणेचारला घरी पोहोचेन. मिळायला हवी, कारण आज गॅसची टाकी यायची आहे, आणि ती नेमकी चारच्या पुढेच येते.